गावच्या घरातला रिचार्जेबल कंदील: वॅट वाढवू नका, करंट कमी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गुहागरजवळ गावच्या घरात आईबाबा दोघंच राहतात, गेल्या पावसाळ्यात एक छोटा रिचार्जेबल एलईडी कंदील घेऊन दिला, गणपतीपर्यंत मस्त चालला, मग मे महिन्यापर्यंत कपाटात पडून होता, आता चार्जिंगचा लाईट फुल दाखवतो पण पाऊण तासात कंदील बसतो. शिवाय रात्री बाबांना उठायचं झालं तर बटण तीन-चार वेळा दाबावं लागतं, मधेच तो ब्लिंक व्हायला लागतो आणि ते वैतागतात. म्हणून जास्त वॅटचा नवीन घेऊ का, असं विचारलंय.

जास्त वॅटचा घेऊ नका. तुमच्या दोन्ही तक्रारींचा वॅटशी काही संबंध नाही, उलट जास्त वॅट म्हणजे तीच बॅटरी अजून लवकर रिकामी. पहिली तक्रार बॅटरी मेल्याची आहे आणि ती वापरून नाही तर पडून मेली आहे. दुसरी तक्रार बटणाची आहे. दोन्ही गोष्टी घरी किंवा बाजारातल्या कुठल्याही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून होण्यासारख्या आहेत. मी हेच काम करतो, रत्नागिरी पट्ट्यात आगोटीच्या दिवसांत असे कंदील माझ्याकडे ढिगाने येतात आणि बहुतेकांचं दुखणं हेच असतं.

आधी एक हिशोब मनात पक्का करा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. आईबाबांना कंदील कशाला लागतो? संध्याकाळी सात ते अकरा स्वयंपाक-जेवणाला बऱ्यापैकी उजेड आणि नंतर रात्रभर माजघरात अगदी मंद, की उठलं तर पाय कुठे पडतोय ते दिसावं. छोट्या कंदिलात साधारण २००० एमएएचचा (मिलीअँपिअर गुणिले तास, म्हणजे किती करंट किती तास पुरेल त्याचं माप) सेल असतो. फुल मोडला तो कंदील ५००-६०० मिलीअँपिअर खातो, म्हणजे तीन-साडेतीन तासांत खेळ खल्लास. तेच १२० मिलीअँपिअरवर चालवला तर चार तासांचे झाले ४८०. रात्रीचा मंद उजेड १२ मिलीअँपिअरमध्ये होतो, आठ तासांचे शंभरसुद्धा नाहीत. म्हणजे एका रात्रीला ६०० धरा, आणि त्याच सेलवर तीन रात्री निघतात. करंट पाचपट कमी केला तर उजेडही पाचपट कमी वाटेल असं लोकांना वाटतं, पण डोळा तसा बघत नाही, अंधाराला सरावलेल्या डोळ्याला फरक त्यामानाने बराच कमी जाणवतो. १२० मिलीअँपिअरवर समोर बसून जेवता येतं, तांदूळ निवडता येतात. बारीक अक्षर वाचायला जवळ घ्यावा लागेल, तेवढंच.

आणि तीन रात्रींचा हट्ट का, तर आपल्याकडे लाईट गेली की तासाभरात येईल का परवा येईल सांगता येत नाही. झाड पडलं, पोल वाकला, की खाडीपलीकडच्या वाडीचा नंबर शेवटी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. तेवढं दरवर्षी होत नाही पण दोन-तीन दिवस हे तर नेहमीचंच आहे.

आता कंदील उघडायचा. इथे माझं उत्तर तुमच्या कंदिलात काय निघतं त्यावर अवलंबून आहे, कारण सगळे बाहेरून सारखेच दिसतात. उघडायच्या आधी एक बघा, त्याला पाठीमागे बाहेर येणारी दोन पिनची प्लग आहे की मोबाईलसारखं यूएसबी पोर्ट आहे. प्लगवाला असेल तर तो भिंतीला लावलेला असताना अजिबात उघडू नका आणि चार्जिंगला असताना ओल्या हाताने धरू नका हे आईला आजच फोन करून सांगा. स्वस्तातल्या प्लगवाल्या कंदिलात ट्रान्सफॉर्मर नसतो, एक कपॅसिटर लावून २३० व्होल्ट खाली आणलेले असतात, म्हणजे आतला बोर्ड, बॅटरीची टोकं सगळं मेनशी थेट जोडलेलं, कुठे कव्हर तडकलं की शॉक बसतो. पावसाळ्यात ओल आलेली जमीन, अनवाणी पाय, मला हा प्रकार घरात ठेवायलाच आवडत नाही. असा कंदील निघाला तर तो चार्जिंगचा बोर्ड प्लगसकट काढून टाका आणि खाली सांगतो ते यूएसबीवालं बसवा. यूएसबीचा दुसरा फायदा असा की मोबाईलचा चांगला अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कशावरही चालतो, आणि लाईनच्या शेवटी असलेल्या घरांत व्होल्टेज कसं हेलकावे खातं ते तुम्हाला माहीतच आहे.

आत जड, चौकोनी, करडा किंवा काळा डबा असेल आणि त्यावर ४ व्होल्ट लिहिलेलं असेल तर ती लेड अ‍ॅसिड बॅटरी. ही रिकामी ठेवली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्ज घेतल्यासारखं दाखवते पण धरत नाही. सप्टेंबर ते मे कपाटात म्हणजे तिचं आयुष्यच संपलं, ती परत येत नाही, तिच्या जागी खाली सांगतो तो लिथियम सेल बसवा. गोल, बोटापेक्षा जाड सेल असेल, १८ मिलीमीटर रुंद आणि ६५ लांब, तर तो १८६५० लिथियम. तो पडून मेला असेल तर कारण बहुधा बटणाचा सर्किट. दाबलं की मोड बदलतो अशा बटणाच्या मागे एक आयसी (छोटी चिप) असतो आणि कंदील बंद दिसला तरी तो थोडा थोडा करंट घेत राहतो, महिनोन्महिने घेत राहिला की सेल खाली खाली जातो. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) लावून बघा, फुल चार्ज दाखवल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास हवं, आणि चार्जर काढून दोन दिवस नुसता ठेवल्यावर ४ च्या बराच खाली आला तर सेल गेला. कुठलाही सेल फुगलेला, कव्हर फाटलेला किंवा गोडसर रसायनासारखा वास येणारा दिसला तर मोजत बसू नका, बाजूला काढा, आणि तो कचऱ्यात किंवा पाणचुलीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

नवीन सेल घेताना फार फसवणूक आहे. ९९०० एमएएच छापलेला १८६५० दिसला तर तो तिथेच ठेवा. या मापाच्या सेलमध्ये साधारण ३५०० च्या आसपासच मावतं, बाकी सगळी छपाई. सोपी परीक्षा वजनाची, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो, बनावट पुष्कळ हलका लागतो, किराणावाल्याच्या डिजिटल काट्यावर ठेवा, कळेल. माझ्या मते २००० ते २६०० वाला प्रामाणिक सेल बस झाला. आणि सेल घेताना टोकांना निकेलची पट्टी लावलेला मागा, म्हणजे वायर पट्टीला सोल्डर करता येते. थेट सेलच्या अंगावर सोल्डरिंग गन टेकवायची नाही, लिथियम सेल तापवणं म्हणजे त्याच्या आतला पडदा खराब करणं. लिथियम आयर्न फॉस्फेटवाले ३.२ व्होल्टचे जाडे सेलही मिळतात, टिकायला आणि सेफ्टीला ते वरचढ आहेत, पण त्यांना ३.६५ व्होल्टचा वेगळा चार्जर लागतो, ४.२ वाला लावला तर खराब होतात, आणि गावच्या बाजारात ते पटकन मिळत नाहीत म्हणून तुम्हाला मी साधा १८६५० च सांगेन.

चार्जिंगला टीपी४०५६ चा छोटा बोर्ड घ्या, पन्नास रुपयांच्या आत येतो, पण प्रोटेक्शनवाला घ्या. ओळखायचा कसा, तर त्यावर सेलसाठी बी प्लस, बी मायनस आणि बाहेर जायला आउट प्लस, आउट मायनस अशी चार वेगळी टोकं असतात. नुसती दोनच असतील तर तो प्रोटेक्शन नसलेला. कंदिलाची वायर आउटवरूनच घ्यायची, सेलवरून थेट नाही, कारण सेल अडीच व्होल्टच्या आसपास गेला की तो बोर्ड आउट तोडतो आणि सेल वाचतो. थेट सेलवर जोडलं तर ते राखणं कोणी करणार नाही. सेल उलटा जोडला की बोर्ड लगेच जळतो, म्हणून आधी मल्टिमीटरने प्लस-मायनस बघा मगच सोल्डर मारा. टाईप-सी पोर्टवाला बोर्ड घेतलात तर एक बघून घ्या, काही स्वस्त बोर्डांवर पोर्टजवळचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर (करंटला अडवणारे बारीक भाग) नसतात, मग दोन्ही बाजूंना सी असलेल्या केबलने तो चार्जच होत नाही आणि माणसाला वाटतं बिघडला. जुन्या चौकोनी यूएसबीवरून येणाऱ्या केबलने तो चालतो. आईबाबांच्या घरात कुठली केबल आहे ते विचारून घ्या, नाहीतर केबल कंदिलालाच सुतळीने बांधून द्या.

हा बोर्ड मुळात १ अँपिअरने चार्ज करतो. बंद प्लास्टिकच्या डब्यात तो चांगलाच तापतो. त्यावरचा १२२ असा नंबर असलेला बारीक रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावला तर करंट ५८० मिलीअँपिअरच्या आसपास येतो, बोर्ड थंड राहतो, सेलला पण सोसतं, वेळ मात्र चार-पाच तास लागतो. आता हे करायचं की नाही ते तुमच्या वाडीवर आहे. लाईट गेली की जाते आणि आली की टिकते असं असेल तर करंट कमी करा. पण दिवसातून तास-दोन तासच येते अशी परिस्थिती असेल तर १ अँपिअरच ठेवा आणि बोर्डाला हवा लागेल असा बसवा, कारण तेव्हा मिळेल तेवढं पटकन भरून घेणं महत्त्वाचं.

आता बटणाचं काम. खरा फरक इथे पडतो, आणि बाबांची अडचण सुटते ती याच कामाने. ते मोड बदलणारं बटण आणि त्याचा आयसी सरळ बाजूला काढा. त्याजागी तीन पोझिशनचा टॉगल किंवा स्लाइड स्विच बसवा ज्यात मधे बंद असतं, वर एक आणि खाली एक. स्विचच्या मधल्या पायाला बोर्डाचा आउट प्लस जोडा. वरच्या पायाला १० ओहमचा रेझिस्टर, खालच्याला १०० ओहमचा, दोन्ही रेझिस्टरची दुसरी टोकं एकत्र करून एलईडीच्या पट्टीच्या प्लसला. पट्टीचा मायनस आउट मायनसला. झालं. १० ओहमवर साधारण १०० ते १५० मिलीअँपिअर जातात, १०० ओहमवर १० ते १५, सेल जसा उतरेल तसा उजेड हळूहळू कमी होत जातो आणि ते चांगलंच आहे, चार्ज करायची वेळ झाली हे आईला बघून कळतं, एकदम अंधार होत नाही. रेझिस्टर अर्ध्या वॅटचे घ्या म्हणजे काळजी नको. वर म्हणजे जेवणाचा उजेड, खाली म्हणजे झोपेचा, मधे बंद. अंधारात बोटाने चाचपून कळतं, मोजायला लागत नाही, ब्लिंकिंगचा प्रश्नच मिटतो. आणि मधे असताना एलईडीकडे जाणारी वाट पुरती तुटलेली असते, आयसीची ती चोरटी गळतीही गेली.

हे करण्याआधी एक छोटी टेस्ट मात्र करा. चार्ज सेलच्या प्लसला १०० ओहमचा रेझिस्टर लावून त्याचं टोक एलईडीच्या पट्टीच्या प्लसला टेकवा आणि सेलचा मायनस पट्टीच्या मायनसला. मंद पेटली तर सगळे एलईडी पॅरेलल (शेजारी शेजारी जोडलेले) आहेत, वरची जोडणी जशीच्या तशी चालेल. उलटसुलट करूनही पेटलीच नाही तर आत एलईडी मालिकेत (एकामागोमाग एक जोडलेले) आहेत आणि बोर्ड व्होल्टेज वाढवून देतोय, मग ती पट्टी बदला, ३ व्होल्टची साधी पट्टी मिळते. बदलतच असाल तर पांढरीशुभ्र घेऊ नका, वॉर्म म्हणजे पिवळसर घ्या, ३००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासची. पावसाळ्यात पांढऱ्या निळसर लाईटवर किडे जास्त येतात, पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या सुटल्या की जेवणाच्या ताटात पडतात. पिवळसर उजेडाने ते बंद होत नाहीत पण कमी नक्की होतात. पट्टी बदलायची नसेल तर आकाशकंदिलाला लावतो तो पिवळा जिलेटिन पेपर आतून गुंडाळा, थोडा उजेड जाईल पण काम होतं. आणि पडवीत जेवायला बसणार असाल तर कंदील डोक्यावर टांगू नका, दोन हात लांब खांबाला लावा, किडे तिकडे जातात.

पुढचं खाऱ्या हवेचं. समुद्रापासून जवळ घर असेल तर कंदील जातो तो बॅटरीने कमी आणि गंजाने जास्त. सेल होल्डरच्या स्प्रिंगला हिरवट थर येतो, मग कंदील हलवला की चालू-बंद होतो. म्हणूनच मी होल्डर टाळून पट्टीला सोल्डर करतो. सगळी जोडणी चेक झाली की सोल्डरच्या ठिपक्यांवर बिनरंगाची नेलपॉलिश दोन हात लावा, बोर्डाच्या तापणाऱ्या आयसीवर नको. कव्हरच्या फटी सिलिकॉनने बंद करा पण सिलिकॉन न्यूट्रल घ्या. ज्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो अ‍ॅसिडवाला असतो, आत कोंडला की तांब्याच्या वायरी आणि बोर्डच खातो. आत एक सिलिका जेलची पुडी टाका. स्क्रू स्टीलचे लावा, साधे एका पावसात जाम होतात आणि पुढच्या वेळी डोकंच तुटतं. यूएसबी पोर्टला रबराचं झाकण नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून लावा, आणि पोर्ट खालच्या बाजूला येईल असा बसवा म्हणजे पागोळ्यांचं पाणी उडालं तरी आत साठत नाही. ओला असताना चार्जिंगला लावायचा नाही, आधी पुसून सुकवायचा.

बाबांसाठी अजून एक. कंदिलावर आणि त्याच्या खुंटीवर रेडियम स्टिकरचा तुकडा चिकटवा, दुकानात गाडीला लावायचं घेऊ नका, ते फक्त उजेड पडल्यावर चमकतं, अंधारात स्वतः चमकणारं मागा. आणि कंदिलाची जागा ठरवून टाका, पलंगाच्या उशाशी छातीच्या उंचीला एक खुंटी, तिथेच परत लावायचा. परसदारी जायचं तर स्विच एकदा वर. विंचू-सापाचे दिवस, पाखाडीवर शेवाळ, तिथे मंद उजेड पुरत नाही.

बाहेरून मागवलेला प्रोग्रॅम होणारा महागडा कंदील कोणाकडे असेल, ज्यात अँड्युरिल नावाचं सॉफ्टवेअर असतं, तर हे वायरिंग करायची गरज नाही. बंद असताना बटण दाबून धरलं की तो थेट सगळ्यात मंद लागतो, तीन क्लिकला सेलचं व्होल्टेज ब्लिंक करून सांगतो, चार ब्लिंक मग थांबून एक म्हणजे ४.१, आणि चार क्लिकला लॉक होतो. पण वयस्कर माणसांना क्लिक मोजायला लावणं मला पटत नाही, टॉगल स्विच त्यांच्यासाठी केव्हाही बरा.

ठेवायचं कसं ते नीट लक्षात ठेवा कारण तुमचा पहिला कंदील त्यानेच गेला. लिथियम असेल तर मिरगाच्या आधी फुल करा, पावसाळाभर वापरत-भरत राहा, दिवाळीनंतर ठेवताना अर्धा ठेवा, मल्टिमीटरवर ३.७-३.८ दिसलं पाहिजे, स्विच मधे, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. लेड अ‍ॅसिड ठेवायची असेल तर बरोबर उलटं, ती नेहमी फुलच ठेवायची आणि दर महिन्याला टॉप-अप करायची. चार्जिंग गादीवर, चादरीखाली नको, लादीवर किंवा चिऱ्याच्या कट्ट्यावर ठेवून करा. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढायचा, कंदील कितीही रिकामा असला तरी.

लाईट दोन-तीन दिवस आलीच नाही तर १०००० एमएएचच्या पॉवर बँकेवरून हा सेल साधारण तीन वेळा भरतो, रिक्षा-गाडीच्या यूएसबीवरूनही भरतो. सोलर पॅनलचं लोक विचारतात, ६ व्होल्टचा छोटा पॅनल याच बोर्डाला चालतो, पण जुलैमध्ये चार-चार दिवस ऊन दिसत नाही तेव्हा त्याच्या भरवशावर आईबाबांना ठेवू नका. पॉवर बँक घ्या.

तुमचा कंदील उघडून झाला की बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा आणि बॅटरीवरच्या छपाईचा फोटो टाका, सोबत दोन दिवस ठेवल्यानंतरचं व्होल्टेज लिहा. त्यावरून १० ओहमच लावायचा की तुमच्या पट्टीला थोडा कमी-जास्त लागेल ते सांगतो.